चार दिवस, तीन रात्री

आधी मी भरतीचं कोष्टक उघडते,
मग हॉटेलांचे दर.
चार्ल्सटनला उधाण असलं की
मार्केट स्ट्रीटच्या गटारांतून समुद्र वर येतो.
आभाळ कोरडं, ऊन लख्ख,
आणि बायका सँडल हातात धरून रस्ता ओलांडतात.
बाबा वेंगुर्ल्याला तिथीची पाऊणपट करून
भरतीची वेळ सांगायचे, बोटांच्या पेरांवर.
इथे तो हिशेब चुकतो,
पुनवेला तर चांगला तीन-चार तासांनी.
चंद्र तोच. किनाऱ्याचा हट्ट वेगळा.

पहिला दिवस हलका ठेवायचा,
विमानाने पाय सुजलेले असतात.
रंगीत घरांची रांग, घोडागाडी,
संध्याकाळी बॅटरीच्या कठड्याशी वारा.
वास आला तर घाबरू नका, खाजणातला चिखल आहे, असं लिहिते.
मला तो वास घरचा. हे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धक्का,
जिथे जहाजांतून माणसं उतरवली, विकायला.
'हे गाळता येईल का?'
दर तिसरं गिऱ्हाईक विचारतं.
येत नाही.
फक्त जेवणाआधी ठेवते. नंतर कधीच नाही.

ओहायोहून होस्टेटलर नवरा-बायको यायचे होते.
व्हर्नचा फोन आठवड्यातून दोनदा:
त्याला किल्ले हवे होते, सगळे,
तोफांच्या मापांसकट.
मागून डेलोरिसचा आवाज,
'एक दुपार तरी मोकळी ठेव गं बाई, नुसतं बसायला.'
ठेवली. तिसरा दिवस, दोन ते पाच.
व्हर्नने ती दोनदा भरली, मी दोनदा खोडली.

सप्टेंबरात चार ओळींचा मेल.
व्हर्न गेला. मंगळवारी, गॅरेजमध्ये.
तिकिटांचे पैसे परत मिळणार नाहीत म्हणतात, तर मी येते.
सगळं एकाचं कर.

एकाचं करायला बसले.
घोडागाडीला फरक पडत नाही, बोटीलाही नाही.
खोलीचा दर तेवढाच.
'एकासाठी टेबल राखत नाही,' शनिवारचं रेस्टॉरंट म्हणालं,
'दोघांचं घ्या, एक खुर्ची उचलू.'
म्हटलं, राहू दे खुर्ची.
तिला विचारलंही नाही.
'तुम्ही दोघं' शोधत गेले, 'दोघं' पुसत गेले,
एकोणीस ठिकाणी निघालं.
किल्ले काढून टाकले.
मोकळी दुपार लांबवली, बारापासूनच सुरू केली.
मला वाटलं, शहाणपण केलं.

तिचा फोन आला.
'किल्ले कुठे गेले?
आणि ही दुपार कसली?
घरी काय कमी आहेत?
भर ती.'

त्या आठवड्यात भांग होता.
पाणी गुणी पोरासारखं काठाच्या आत राहिलं.
ती परत गेल्यावर पोस्टकार्ड आलं, बारीक अक्षरात, कडेकडेनेही लिहिलेलं:
'किल्ला अगदीच कंटाळवाणा. विटा आणि ऊन.
तिथेच उभं राहून त्याला तसं सांगितलं.
बोट सुटायला चाळीस मिनिटं होती, तेवढा वेळ भांडले.
त्या खुर्चीवर पर्स ठेवली.
गवताची टोपली घेतली, फार महाग. चूक तुझी.'

येत्या अमावास्येला टेक्सासहून नवरी येतेय, सहा करवल्या घेऊन.
उधाण. भरती सकाळी पावणेनऊला.
लिहिते: झटकन काढता येतील असे सँडल घाला.
मोकळी दुपार हवी का,
हे आता आधी विचारते.
हो म्हणाल्या.
सगळ्याजणी, एका सुरात,
दोन ते पाच.