आठ की बी

दान्कोमामाच्या वहीत सगळे आकडे तिरके,
पुंता आरेनासमधली माणसं चालतात तसे,
वाऱ्याकडे खांदा करून.
एकोणीसशे पंच्याण्णवची वही. अर्ध्या पानावर खेकड्यांचा हिशेब,
उरलेल्या अर्ध्यावर
अमर होण्याचा.

तेव्हा उजव्या हाताला पाच बोटं होती.
दोन पुढे बोटीवरच्या रहाटाने नेली,
मॅजेलनच्या सामुद्रधुनीत, सापळे ओढताना.
आता सातव्या टप्प्यावर, बर्फाच्या पुलावर,
धावायचं बटण धरून ठेवावं
तर उडीचं सुटतं.

म्हणून मी, येर्का, हिवाळ्याच्या सुट्टीला आलेली भाची,
लॅपटॉपवर एम्युलेटर घेऊन बसले.

पहिल्या दिवशी काही म्हणजे काही झालं नाही.
कोड टाकला, चौकोनात खूण केली,
खेळ आपला ढिम्म.
तीन जीव, दोन जीव, एक, काळा पडदा.
कोडच्या फाइलचं नाव खेळाच्या नावाशी जुळवलं
अक्षर न् अक्षर, मधली मोकळी जागासुद्धा.
ढिम्म.
"बंद करून परत चालू कर," मामा म्हणाला.
बोटीच्या इंजिनावरही त्याच्याकडे हेच एक औषध होतं.

दुसऱ्या दिवशी उलगडलं.
मामाचं कार्ट्रिज करमुक्त बाजारातून आलेलं, जपानी;
मी उतरवून घेतलेला खेळ अमेरिकी.
चित्रं तीच, लांडगे तेच,
आतलं सामान मात्र वेगळ्या खणांत लावलेलं.
कोड म्हणजे तरी काय, एक पत्ता आणि एक निरोप:
अमक्या घरात जा, तिथे नऊ ठेव,
कुणी उचलला की पुन्हा ठेव,
सेकंदाला साठ वेळा, न कंटाळता.
आम्ही दिवसभर
शेजाऱ्याच्या दारात नऊ ठेवत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी जपानी खेळ, आणि कोड लागला!
फक्त जीव वाढले नाहीत.
घड्याळ थांबलं, दोनशे चौदावर.
पुलाचा बर्फ हिरवा झाला, कच्च्या कैरीसारखा
(कैरी मी एकदाच पाहिलीय, सांतियागोत, डबीत),
आणि लांडगा उडी मारता मारता
हवेतच राहिला.

वही खिडकीशी नेली.
सात, ई, एक, शून्य, आणि हे काय, आठ की बी?
मामाने चष्मा लावला. "आठ."
मग, "बी असेल."
मग, "बोटीत लिहिलेलं. हलत होतं."

शेजारचा नेहुएन सोफ्याच्या हातावर बसून बघत होता,
अकरा वर्षांचा, न्यायाधीशासारखा.
"हा रडीचा डाव आहे," म्हणाला.
मामाने काचेतून बोट दाखवलं, उरलेल्यांपैकी एक,
चौकाकडे, जिथे वादळाच्या दिवसांत
नगरपालिका खांबाखांबाला दोर बांधते.
"काल शाळेतून येताना
काय धरून आलास?"
नेहुएन बिस्किट खाऊ लागला.

बी टाकला.
मामा पडला: नऊ.
पुन्हा पडला: नऊ.
सतरा वेळा पडला, दर वेळी स्पॅनिशमधली शिवी,
शेवटच्या तीन आजोबांच्या क्रोएशियनमध्ये.
खड्डे काही कोडने बुजत नाहीत.
अठराव्यांदा पार झाला.
पलीकडे आठवा टप्पा होता. कुणाला ठाऊक होतं?
नेहुएन टाळ्या वाजवत उठला
आणि जेवायला घरी गेला.

मामा आठव्याच्या दाराशी जरा वेळ थांबला.
मग हळूच, जास्तीचं मीठ मागावं तसं म्हणाला,
"ते चुकलेलं परत लाव ना. आठवालं."

मी बी पुसला.
पूल पुन्हा हिरवा. दोनशे चौदा.
लांडगा आपल्या जागी, तोंड उघडं.
मामाचा छोटा माणूस पुलाच्या मधोमध उभा,
कुठेही न जाता.

"इथं वारा नाही बघ," मामा म्हणाला.

बाहेर छपराचा पत्रा वाजत होता.
त्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला;
तीन बोटांचा हात मात्र तसाच राहिला,
अर्धवट मिटलेला,
दोराच्या जाडीइतका उघडा.