रिकामं वाडगं

इराक्लिओच्या संग्रहालयात, तळघरात,
एव्हान्थिया कालोयेराकी
ओल्या मातीत कुणी ओढलेली खूण
पडद्यावर पुन्हा ओढते आहे:
उभा दांडा, माथ्यावर आडवी रेघ,
डाव्या अंगाला खाच.

राजवाडा पेटला तेव्हा
तेलाचे रांजण फुटले, तुळया कोसळल्या,
ही हिशेबाची चिपटी पाटी तेवढी
आगीत भाजून पक्की झाली.
मेंढ्या किती, लोकर किती, कुणाकडे किती बाकी.
पाठीवर कुणाचा तरी अंगठा.

शेजारच्या खुणा वाचता येतात.
पो, मग मे, म्हणजे मेंढपाळ.
मग ही.
हिचा उच्चार कुणालाच ठाऊक नाही.

तरी आता हिला क्रमांक मिळेल,
जगातल्या सगळ्या यंत्रांत एक हक्काची जागा.
अर्जात उच्चाराच्या रकान्यात तिने आडवी रेघ मारली.
आकाराच्या रकान्याशी मात्र तीन आठवडे अडली.
चार कारकुनांची चार वळणं,
एकाची खाच घाईची, एकाची खोल,
एकाची रेघ मध्येच वाकलेली,
बहुधा मातीत खडा लागला असावा.
यात अक्षर कुठलं आणि खडा कुठला?

ईस्टरला मानूसोसमामाला तिने कागद दाखवला होता.
त्याने तो डोंगराच्या उजेडात तिरपा धरला,
बोटांना कोकराच्या रक्ताचा वास.
"कानाची खाच आहे ही," म्हणाला.
"कुणाचं जनावर, ते कळायला.
आमची उजव्या कानाला असते."
हे अर्जात लिहिता आलं नाही.
मामाचं म्हणणं, पुरावा म्हणून, कुठल्या रकान्यात घालायचं?

दोन वर्षांनी खूण मंजूर झाली.
तिने पहिल्यांदा ती मामाला पाठवली,
एवढीच, एकटी, बाकी काही न लिहिता.
त्याच्या जुन्या फोनवर उमटली
एक चौकट. आत काही नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला.
"पोरी, रिकामं वाडगं धाडलंस.
मेंढरं कुठं गेली?"
ती हसली. समजावू लागली,
फोन जुना आहे, त्याच्यात ते अक्षर अजून आलेलं नाही...
मागे घंटा किणकिणत होत्या.
एक मेंढी वाट सोडून चालली असणार,
कारण तो बोलता बोलता थांबला
आणि टाळूला जीभ लावून
त्याने एक आवाज काढला,
ना व्यंजन, ना स्वर.

"मामा, तो आवाज परत काढ."

"कुठला?" म्हणाला तो.