नमुना क्रमांक एकेचाळीस

शमीमबी जालन्याहून पहाटेच्या एसटीनं येते,
उपाशीपोटी, सांगितलं होतं तशी.
ओढणी भुवयांपर्यंत ओढलेली.
मी दंडाला पट्टा आवळते, शीर चाचपते.
ती छताकडे बघते.
बघते म्हणजे काय,
पापण्या वरच अडकल्यात
आणि बुबुळाच्या वरूनही पांढरं दिसतं.

"गिऱ्हाईक म्हणतं, डोळे काहून वटारायलीस?
म्या कुठं वटारते, बाई.
त्यांनीच मला वटारलंय."

वरच्या मजल्यावर डोळेवाल्यांनी पट्टी लावून मोजलंय:
उजवा एकवीस, डावा तेवीस.
गळ्यातल्या गाठीचं निदान त्याआधीच झालेलं.
माझ्याकडे फक्त रक्त येतं.

स्टील मिलच्या मागं तिचं भंगाराचं दुकान,
म्हणून मी सोपं करून सांगितलं,
रक्तात गंज किती चढलाय ते बघायचंय.
ती काट्यावर बसल्यासारखी सरळ झाली.
"गंजलेल्या मालाला आम्ही किलोमागं चार रुपये कापतो.
माझे किती कापणार?"

विडी ओढता का, हाही प्रश्न फॉर्मवर आहे.
"म्या नाही. दुकान ओढतं."
गॅसकटर, जळके टायर, नवरा.
मी 'नाही' वर खूण केली.
मग बराच वेळ पेन तिथंच धरून बसले.

नळी उकळत्या पाण्यात तासभर ठेवायची,
गार करायची, यंत्रात घालायची.
रंग येतो गुलाबी,
खुलताबादच्या उरुसात मिळतात
त्या बुढ्ढी के बालांचा.
जितकं आत जळलेलं, तितका गडद.
एकेचाळीस नंबरची नळी
मी उजेडाला धरली आणि क्षणभर
छान वाटली मला. लाज वाटली मग.

पाच पूर्णांक आठ.
निरोगी बायकांचा आकडा दोनच्या आसपास.
निरोगींत एक नमुना माझा होता,
बायका कमी पडत होत्या म्हणून दिलेला,
सलग तीन रात्रपाळ्यांनंतर.
चार पूर्णांक एक आला.
सर म्हणाले, हा वेगळा पडतोय, काढून टाका.
काढला.

जाताना तिनं विचारलं नाही बरं होईल का.
विचारलं, रंग कोणता आला?
गुलाबी, म्हणाले.
हसली. गाल हसले, ओठ हसले,
डोळे होते तिथंच.
रात्री ती मलम घालते आणि पापण्या
चिकटपट्टीनं बंद करते, पाकीट बंद करावं तशा.
नवरा अंधारात विचारतो, झोपलीस का?
पट्टी सुटली असली की
हो म्हटलेलं त्याला पटत नाही.

त्या रात्री मी घड्याळ लावून
पापणी न हलवता पडून राहिले.
एक मिनिटही धड झालं नाही.
आमच्या गल्लीत नळाला पाणी आठव्या दिवशी येतं.
डोळ्यांना लगेच आलं.