खानेसुमारी

एकतीस वर्षं मी सातारा स्टँडच्या कंट्रोल केबिनमधून
आष्टा पुकारलं.
कराड, इस्लामपूर, आष्टामार्गे सांगली, फलाट क्रमांक चार.
बाकीची गावं घशातून यायची,
आष्टा जरा खालून.
आडनावातलं गाव. आपलंच.

मुलगी बीरशेबाहून फोनवर म्हणाली,
पप्पा, इथे एक बाई आडनावांची झाडं काढतात.
पेणकर, रोहेकर, चेऊलकर, सगळे समुद्राकडचे.
आपणच कसे घाटावरचे?
मी म्हटलं, असतो एखादा.
ती म्हणाली, नसतो.

म्हणून कचेरीचा जिना.
रेकॉर्ड रूममध्ये कारंडेबाई, नाकाला रुमाल.
कुठली जात शोधायची?
शनवार तेली, मी म्हटलं.
तेल्यांचे दाखले पलीकडच्या खिडकीला, त्या म्हणाल्या.

आधी हाती आली छापील शिरगणती.
तिच्यात नावंच नाहीत.
यहुदी : पुरुष अकरा, बायका नऊ.
दहा वर्षांनी : पुरुष बारा, बायका आठ.
नवांतली एक माझी पणजी, दिनाबाई.
आठांत ती आहे का,
म्हणून मी आकडा बोटाने झाकला, उघडला,
पुन्हा झाकला.
आठ म्हणजे आठ.

मग तळाच्या फडताळातून पेठेची जुनी खानेसुमारी, मोडीत.
ढवळीकर भिंग घेऊन आले. वाचत गेले :
सदरबाजार, घर सत्तावीस.
हसाजी बिन एलोजी, पलटणीचा पेन्शनर.
कौलारू घर एक, बायको एक, पोरे तीन,
म्हैस एक, घाणा नाही.
घाणा नाही, हे कशाला लिहिलं?
ढवळीकर म्हणाले, तेली म्हणवता, मग घाणा कुठाय,
असं विचारलं असेल कुणी.
पुढे आडनाव. एका दमात, हात न उचलता.
अष्टमीकर.
परत वाचा.
अष्टमीकर. हा म बघा ना, कसा खाली वळलाय.

चाळीस वर्षांनंतरची नक्कल बाळबोधीत, मोत्यासारखी :
आष्टेकर.

कारकून देशावरचा असणार.
त्याला वाळव्याकडचं आष्टा ठाऊक,
रोह्याजवळची, कुंडलिकेकाठची अष्टमी कुठून ठाऊक?
शिवाय माणूस यहुदी आणि नावात अष्टमी!
बिचाऱ्याने सुधारून घेतलं.
पण आजोबा समोर उभे होते. त्यांना वाचता येत होतं.
शनिवार असेल, मी म्हटलं,
शब्बाथला लेखणी धरायची नाही, दुसऱ्याच्या लेखणीशी वादही नको.
घरी येऊन शंभर वर्षांचं कॅलेंडर काढलं.
मंगळवार होता.

एक गोष्ट मुलीला सांगितलेली नाही.
वडील अंथरुणाला खिळले तेव्हा
ड्यूटी संपवून मी आष्ट्याला गेलो होतो.
स्टँडसमोरच्या शिंप्याने चहा पाजला.
म्हणाला, इथले आष्टेकर म्हणजे सोनार, एक घर गुरवांचं.
तुमच्यातले कधी ऐकले नाहीत.
ऐकणार कसे, मी म्हटलं, फार जुनी गोष्ट.
येताना काड्यापेटीत
चिमूटभर माती आणली, काळी, चिकट.
यरुशलेमची आमच्याकडे नव्हती.
तीच वडिलांच्या डोळ्यांवर घातली.

आता ती तिथे आहे.
दुसऱ्याच कुणाच्या गावची,
सोनारांची, गुरवाची, त्या शिंप्याची.
काढून घेता येत नाही
आणि खरं सांगायचं तर
काढावीशी वाटत नाही.

रात्री फोन आला. मग काय लिहू, पप्पा?
अष्टमी लिही, मी म्हटलं.
आणि खाली कंसात?
कंसात आष्टा असू दे.

साताऱ्याहून अष्टमीला थेट गाडी नाही.
महाडला उतरायचं, रोह्याची धरायची.
एवढं मात्र
कुणाला विचारावं लागलं नाही.