तीनशे मीटर

मालवणच्या पोस्टात पार्सल आलं की करंगुटकर मास्तर
ते कानाशी धरून हलवतात.
"परत घड्याळ?"
परत घड्याळ.
डबा नाही, पावती नाही,
फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेला
साडेतीन हजारांचा स्वित्झर्लंड.

तबकडीवर बारीक अक्षरात : तीनशे मीटर.
मी बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतो.
समुद्रात उतरलोय तो कमरेपर्यंत,
तोही गणपती पोचवताना.

रात्रपाळीला, अमोनियाच्या वासात,
मागचं झाकण फिरवून उघडतो.
नक्कल करणाऱ्याचा हात वाईट नसतो,
घाईत असतो.
मिनिटकाट्याखाली कुणाच्या तरी बोटाचा अर्धा ठसा.
रबराचं कडं कोरडं, केसभर वाकडं,
तेवढ्या फटीतून
अख्खा अरबी समुद्र आत येऊन बसेल.

कडं बदलतो. ग्रीस, तांदळाच्या कणीएवढं.
बेझेल फिरवत एकशेवीस टिका कानाने मोजतो,
एखादी मुकी निघाली तर पत्ती जरा वाकवायची.
मग ते नाव.
काडीला चिंधी, चिंधीला थिनर, श्वास रोखून.
नाव जातं.
तीनशे मीटर राहू देतो.
ते खोटं आहे की नाही, अजून ठरायचंय.

बावीत दोरीने सोडायचं, रात्रभर.
सकाळी कोमट तव्यावर ठेवायचं,
काचेवर गार पाण्याचा एक थेंब.
आतून धुकं धरलं, तर गेलं.
नाही धरलं, तर मी चहा टाकतो
आणि उगाचच दोन कप टाकतो.

शेवंतीवयनी कालवांना निघते, हातात कोयती,
तिला किती वाजले ते कधी विचारावं लागत नाही.
"आज दशमी. साडेसाताक भरती, दीडाक सुकती."
तिथीची पाऊणपट, झालं.
एकदा अकरावं घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं.
"ह्यां खरां आसा काय रे?"
चालतं खरं, म्हटलं.
"मगे नाव खंय गेलां?"

दांडीवरच्या ल्याद्रूने ते मागून नेलं.
ट्रॉलरचा नांगर खडपात अडकला होता,
नऊ वाव पाणी, त्यात गढूळ.
मी धक्क्यावर उभा. माझं घड्याळ पाण्यात,
त्यामुळे किती वेळ झाला कळेना.
नांगर आला. मग ल्याद्रू आला.
मनगटावर फक्त पट्ट्याचा वळ.

पिन.
पट्ट्याची पिन तेवढी मी बदलली नव्हती.
मूळची होती. चिंचोक्याच्या सालीएवढी किंमत नसलेली,
तिच्याकडे बघायचंच राहून गेलं.

"किती देऊ?" त्याने विचारलं, ओला, ओशाळलेला.
साडेतीन हजार, चार रात्री आणि अर्धी बाटली थिनर
यांची बेरीज मला येईना.
"आधी पुसून घे," म्हटलं, "सर्दी होईल."

नऊ वाव म्हणजे सोळा-सतरा मीटर.
तीनशेपैकी.
पूर्ण चावीवर चाळीस तास चालतं ते.
पण ऑटोमॅटिक आहे, हलत राहिलं
तर स्वतःच स्वतःला चावी देतं.
काल अमावास्या होती. बाराला भरती.
अंथरुणात पडून मी हिशेब करत होतो :
खडपाच्या कपारीत अडकलं असेल,
पट्टा मोकळा, शेवाळासारखा,
पाणी येताना एकदा हलवत असेल, जाताना एकदा.
कड्याचं मी बघितलंय. कडं धरेल.
काट्यांवरचा हिरवा उजेड मात्र विझला असणार,
त्याला ऊन लागतं.

सकाळी करंगुटकर मास्तरांनी हाक मारली.
बारावं आलंय.
अजून फोडलं नाही.
आधी सावंतवाडीहून चांगल्या पिना मागवल्यात,
पुडी भरून.