खिळ्यांचा पट्टा

करडं गेली ती मंगळवारी. दोन.
तिसऱ्याच्या मानेत हळद भरली, ते जगलं,
पण आईला लुचेना, भिंतीला टेकून उभं.
नंदगडच्या वरच्या अंगाला आमचं घर,
जंगल तिथं परसात येऊन थांबतं.
न्हाणीच्या पाण्यानं भिजलेल्या मातीत पंजा उमटलेला.
चहाची बशी ठेवून बघितली,
बरोब्बर बसली.

लुमाण्णा मडगावला, टेम्पोवर.
फोनवर म्हणाला, "कुत्रं घे की एक चांगलं."
चांगलं म्हणजे कसलं,
ते सांगायच्या आधी सिग्नल सुटला त्याचा.

ओमाण्णा भावजी बेळगावहून मोबाईल भरून फोटो घेऊन आले.
"हे बघ वहिनी, जर्मन. टिळकवाडीत पिल्लं हाईत.
संगट कागद, आज्या-पणज्याची नावं लिवलेला."
मी म्हटलं, खातंय काय?
अंडी, चिकन, अन् पोत्यातलं विकतचं दाणं.
चुलीपुढनं सासूबाई बोलल्या,
"मग राखायचं कुणी कुणाला?"

मुधोळचंही बघून आले, जमखंडीच्या पाहुण्यांकडं.
देखणं. वेताच्या छडीगत.
बरगड्या मोजून घ्याव्यात.
सुटलं की ससा संपला, म्हणाले.
आमच्याकडं पावसाळ्यात मिठाच्या बरणीलाही पाझर फुटतो,
त्या पातळ कातडीत ते चार महिने कुठं काढणार?
आणि पळायला शेळ्या आहेतच माझ्याकडं.

माघात लगमण्णाची मेंढरं आली, यमकनमर्डीकडची.
खतासाठी आमच्या शेतात तीन रात्री बसवली.
तिथं ते होतं.
करपल्या भाकरीच्या रंगाचं, एक कान अर्धा.
भावजींनी विचारलं, "जात कंची?"
लगमण्णानं कुत्र्याकडं बघितलं, भावजींकडं बघितलं.
"नायी," म्हणाला.
कुत्रं. एवढंच.

तिन्ही रात्री मी बांधावर घोंगडं घेऊन बसले.
मेंढरं बसली की ते त्यांच्याकडं पाठ करायचं
आणि तोंड अंधाराकडं.
एक कोकरू त्याच्या पाठीवर चढून झोपायचं,
ते हलायचं नाही,
नुसता अर्धा कान फिरायचा.
लगमण्णाचं पोर जेवल्याशिवाय ताटलीला तोंड लावायचं नाही.

एक पोतं भात आणि माझी तांबडी पाट, असा सौदा ठरला.
भावजी दोन दिवस बोलले नाहीत.

पण मराठी येत नव्हती त्याला.
ये ये म्हटलं तर दाराकडं बघायचं,
दुसऱ्या कुणाला बोलावतोय असं.
ईश्वरीनं शाळेतल्या मैत्रिणीला विचारून
गोठ्याच्या फळीवर खडूनं लिहिलं:
बा. कुंद्र. सुम्मनिर.
सासूबाईंनी चाळीस वर्षं कंडक्टरला
गावाचं नाव मराठीतच सांगितलं,
खाली उतरवलं एकदा, तरी.
त्या संध्याकाळी दूध-भाकरी घेऊन गोठ्याकडं गेल्या,
आजूबाजूला बघितलं,
आणि हळूच, नव्या सुनेसारख्या,
"बा," म्हणाल्या. "बा रे बाबा."
ते आलं.

जाताना लगमण्णानं पट्टा दिला. लोखंडी,
बाहेरून बोटभर खिळे, चहूबाजूंनी.
वाघरू पहिल्यांदा गळाच धरतं.
दिवसा काढायचा, दिवेलागणीला चढवायचा,
हे त्यानं हातांनी सांगितलं, आपल्याच मानेभोवती.
आतून माझ्या जुन्या लुगड्याचा काठ शिवला मी, दुहेरी.
चढवताना तळव्याला ओरखडा येतोच.
ते मान खाली घालून थांबतं,
माझं रक्त चाटतं, मग कामाला जातं.

परवा रात्री भुंकणं झालं नाही.
एकदाच काहीतरी आदळलं फळीवर,
शेळ्या उठून उभ्या राहिल्या,
मी दाराची कडी धरून, सासूबाई माझा पदर धरून.
मग बराच वेळ रातकिडेही गप्प.

सकाळी ते ओट्याखाली झोपलं होतं, ईश्वरीच्या चपलांवर.
पट्ट्याचा एक खिळा वाकलेला.
लुमाण्णाला फोन करायचा होता,
आधी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं तो सरळ केला.