दोन पेनी

थांब, ऑझबर्ट, पुढचं नाव पुकारू नकोस अजून.
आत्ता जे लिहिलंस ते बोटानं दाखव मला.
अक्षर कळत नाही, पण माप कळतं;
माझं नाव केवढं होतं ते बघायचंय.

एवढंच?
सातूचे तीन दाणे टोकाला टोक लावून ठेवावेत,
एवढंच?
बरं. हॅमोचं तरी कुठे याहून लांब होतं.

एकवीस वर्षं मी या ओकखाली उभी राहतेय,
मठाच्या कारभाऱ्यापुढे, हात एप्रनखाली घेऊन,
आणि एकवीस वर्षं तू लिहितोयस:
हॅमोची बायको. बीअर केली. दंड दोन पेनी.
त्याच्याआधी एकदाच: राल्फची मुलगी.
लग्नाच्या परवानगीचे दोन शिलिंग.
आता हॅमो मेला, तेव्हा कुठे मला नाव फुटलं,
हविसा,
मोड फुटावा तसं.
भिजत पडून फार दिवस झाले होते.

दंडाचं काही म्हणत नाही मी.
मापात पाप केलंय, दोनदा, कबूल.
एकदा तिन्ही पोरं तापानं पडली होती तेव्हा.
आणि एकदा थर्स्टन सरकारी चव बघायला आला,
चवीच्या नावाखाली अर्धं पिंप रिकामं करून गेला, तेव्हा.
पहिलं तरी लिहिलं असशील.
दुसरं नाहीच लिहिणार तू. मेव्हणा तुझा.

सातू आधी ओढ्यात, तीन दिवस.
मग जमिनीवर पसरून रात्री दोनदा उठून उलथायचे,
अनवाणी, म्हणजे मोड चिरडत नाहीत.
ढीग कुठे तापलाय ते तळव्यांनाच कळतं.
पोटुशी असले की आणखी कळायचं, का कोण जाणे.
हॅमो घोरत असायचा.
वाईट नव्हता माणूस.
दंड त्याच्या नावावर, पेनी माझ्या गाठीतल्या,
आणि घरी जाताना म्हणायचा,
चल, भरला एकदाचा मी.

आणि इमट. चार वर्षांची.
घंगाळाच्या काठावरून वाकून बघत होती.
चौकशीला राजाचा माणूस आला घोड्यावरून.
त्यानं घंगाळ वाजवून बघितलं,
सहा पेनी किंमत ठरवली, आणि ती भरून घेतली,
कारण जीव घेणारी वस्तू राजाची होते म्हणे.
इमटचं नाव लिहिलं का, ते मी विचारलं नाही.
ती गुंडाळी तुझ्याकडे नसणार.
नाहीतर तिचंही माप बघितलं असतं.

पुढच्या शनिवारी मी दारावर झाडू टांगला,
बीअर तयार आहे म्हणून.
बाया म्हणाल्या, काळीज आहे की दगड.
मग त्यांनीच घागरी पुढे केल्या.
त्याच घंगाळातली होती. दुसरं नव्हतं.

हे लिहू नकोस, नुसतं ऐक.
पाणी किती तापलं ते कसं ओळखायचं, ठाऊक आहे?
उकळलं की उतरवायचं, आणि वाफ विरायची वाट बघायची.
वाफ हटली की पाण्यात आपला चेहरा दिसतो.
आमच्या घरात आरसा नव्हता कधी.
पंधरवड्यातून एकदा, तेवढाच वेळ,
मी मला दिसत आले.
दात पडला तो तिथे बघितला. केस पिकले ते तिथेच कळले.
पण रेंगाळायचं नाही.
चेहरा स्पष्ट झाला रे झाला
की लगेच त्याच्यावर सातू ओतायचे.

हे घे, दोन पेनी. मोजून घे.
आणि ते कातडं गुंडाळू नकोस इतक्यात,
शाई ओली आहे.